दही खुशाल खा, पण गोठ्यात चौकशी करा

दरवर्षी सेकंड इयरच्या मुलांना मी घरचं दही आणायला सांगते. त्यातला एखादा लॅक्टोबॅसिलस वेगळा काढायचा, एमआरएस अगारच्या प्लेटवर पसरायचा आणि वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या. बहुतेक वेळा पेनिसिलिनच्या चकतीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं. व्हँकोमायसिनच्या चकतीला मात्र जिवाणू अगदी खेटून वाढलेले असतात. लगेच कुणीतरी धसकून विचारतं, "मॅडम, मग दही सोडायचं?"

मुळीच नाही! व्हँकोमायसिन जिवाणूच्या भिंतीच्या कच्च्या मालाला टोकाशी पकडतं आणि बांधकाम बंद पाडतं. पकडायला तिथे डी-अ‍ॅलानिनची जोडी लागते. अनेक लॅक्टोबॅसिलसांत अगदी शेवटी डी-लॅक्टेट असतं, त्यामुळे औषधाची पकडच बसत नाही. हा गुण जन्मजात, मूळ गुणसूत्रातला. तो सहसा दुसऱ्या जिवाणूकडे जात नाही.

माझी काळजी वेगळी आहे. टेट-एम हे टेट्रासायक्लिनला दाद न देणारं जनुक, इआरएम-बी हे एरिथ्रोमायसिनला. ही जनुकं प्लाझ्मिडवर किंवा उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यांवर बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात, आतड्यातल्या रोगकारक जिवाणूतसुद्धा. पारंपरिक आंबवलेल्या दुधातल्या काही जिवाणूंत ती सापडलेली आहेत.

अशा जिवाणूंचं फावतं ते औषधांच्या माऱ्यात, म्हणून गोठ्याकडे बघायला हवं. गाईला दगडी (कासदाह) झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्यानंतर ठरावीक दिवस दूध विकायचं नसतं, पण रोजच्या दुधावर हप्ते फेडणाऱ्याला ते जड जातं, हेही खरं. दूध उकळल्यावर त्यातले बहुतेक जिवाणू मरतात, औषधाचा अंश मात्र पूर्ण जात नाही. तो जास्त असला तर विरजण लागतच नाही, आणि घरात बोल लागतो थंडीला. कमी असला तर दही लागतं, पण औषध सोसणारे जिवाणू विरजणात वरचढ होऊ शकतात. पुढचं विरजण त्यांचंच.

2019 मध्ये भारताने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन हे अँटिबायोटिक वापरायला बंदी केली. चांगलं झालं. पण चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या बाकीच्या औषधांचं काय?

पशुपालकांना एवढंच सांगणं आहे: ट्यूब सोडली असेल तर वेष्टनावरचे दिवस भरेपर्यंत ते दूध डेअरीला घालू नका, घरी विरजू नका आणि वासरालाही पाजू नका.