आजीची गाठ, माझे माप

महाविद्यालयात मराठी शिकवताना एक शब्द दर वर्षी माझी परीक्षा पाहतो. तो शब्द म्हणजे 'कंचुकी'. शाहिरांच्या लावण्या शिकवायला घेतल्या की तो आज ना उद्या येतोच. मागच्या बाकांवर खसखस पिकते, पुढच्या बाकांवरच्या मुली वहीत मान खुपसतात, आणि मी गंभीर चेहऱ्याने सांगते, "कंचुकी म्हणजे चोळी. काचोळीही तीच." एवढे सांगून मी घाईघाईने पुढच्या कडव्याकडे वळते.

साठ मुलांसमोर कंचुकीचा अर्थ सांगणाऱ्या या बाईला दुकानात मात्र एका माणसासमोर 'ब्रा' हा एकाक्षरी शब्द वीस वर्षे उच्चारता आला नाही! हसू नका, वाचक भगिनींनो. तुमच्यापैकी किती जणींना येतो, ते आधी मनाशी विचारून पाहा.

आमच्या गावातल्या दुकानात मी शिरायची ती गिऱ्हाईक कमी असेल अशी वेळ साधून. आधी दोन रुमाल घ्यायचे, मग परकराची नाडी घ्यायची, आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणायचे, "जरा... आतलं दाखवा." गल्ल्यावरचे गृहस्थ माझ्याकडे एक ओझरता कटाक्ष टाकत आणि आतल्या पोऱ्याला ओरडून सांगत, "ताईंना अडतीस दे रे!" मग एक खोका पुढे यायचा. रंग पाहायचा नाही, उलगडायचे नाही, घालून पाहण्याचा तर प्रश्नच नाही. काळ्या पिशवीत कोंबलेला तो ऐवज पर्समध्ये दडवून मी चोरीचा माल न्यावा तशी बाहेर पडायची. चार रुपयांची कोथिंबीर आपण देठ मोडून पाहतो, पण रोज बारा-चौदा तास अंगाला चिकटून राहणारे हे वस्त्र मात्र दुसऱ्याच्या नजरेच्या अंदाजावर घेतो!

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी माझ्या मानेने आणि खांद्यांनी असहकार पुकारला. फळ्यावर हात उंचावून लिहिणे जड जाऊ लागले. घरगुती तेले झाली, शेक झाला, उशी बदलली. आईने दृष्टदेखील काढली. डॉक्टरांनी फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. शेवटी त्यांनी मला व्यायामोपचार करणाऱ्या एका तरुण मुलीकडे पाठवले. तिने माझा खांदा तपासायला घेतला आणि ती थबकली. दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडलेले होते. जुवाखाली बैलाच्या मानेला घट्टा पडतो, तसे.

"मॅडम, तुमचं माप काय?" तिने विचारले.

"अडतीस," मी परीक्षेतल्या पाठ केलेल्या उत्तरासारखे सांगितले.

"कुणी घेतलं होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अडतीस हे माझे माप कुणी घेतलेच नव्हते, ते मला मिळाले होते.

त्या मुलीने ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली आणि पाच मिनिटांत मला जे शिकवले, ते मला कुणी सोळाव्या वर्षी शिकवायला हवे होते. तेच आज मी इथे उतरवून ठेवते आहे.

ब्रेसियरच्या मापात दोन भाग असतात, एक आकडा आणि एक अक्षर. आकडा असतो स्तनांच्या खालच्या घेराचा, म्हणजे बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याचा. अक्षर असते कपाचे, आपल्या भाषेत वाटीचे. आपल्या बायकांची गफलत होते ती इथेच. ब्लाउज शिवताना शिंपी छातीचा भरदार घेर घेतो, तो आकडा आपल्याला पाठ असतो, आणि तोच आपण इथेही सांगतो. माझा वरचा घेर अडतीस इंच, म्हणून मी अडतीस. पण खालचा घेर भरला तेहतीस! पट्टे सम आकड्यांत येतात, म्हणून माझे खरे माप चौतीस. वरच्या अडतिसातून हे चौतीस वजा केले की उरतात चार इंच. एका इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी आणि चाराला डी. म्हणजे मी निघाले 'चौतीस डी', आणि वीस वर्षे घालत होते 'अडतीस बी'.

"डी?" मी दचकलेच. तोवर डी म्हणजे फारच अवाढव्य काहीतरी, अशी माझी समजूत होती. ती मुलगी हसली. म्हणाली, "मॅडम, नुसत्या अक्षराला अर्थ नसतो. अडतीसची बी, छत्तीसची सी आणि चौतीसची डी, या तिन्हींची वाटी जवळजवळ सारखीच. तुमची वाटी बरोबर होती. पट्टा चार इंच सैल होता."

मला व्याकरणच आठवले. अक्षराला एकट्याने अर्थ नसतो, तो शेजाऱ्यावरून ठरतो.

आता पट्टा सैल असला तर बिघडते काय? बिघडते ते असे. स्तनांमध्ये स्वतःचा असा स्नायू नसतो. त्यांना सावरून धरतात ती त्वचा आणि आतले बारीक तंतू. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. चांगल्या ब्रेसियरमध्ये वजनाचा बहुतेक भार खालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. खांद्यावरचे पट्टे केवळ मदतनीस. खालचा पट्टा सैल असला की तो पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली झुकतो, आणि सगळे ओझे त्या दोन चिंचोळ्या पट्ट्यांवर येते. मग आपण ते पट्टे आणखी आवळतो आणि दुखणे आणखी वाढवतो. घरचा कर्ता हातपाय गाळून बसला की सगळा संसार शाळकरी पोरांच्या खांद्यावर येतो, तशातलाच हा प्रकार.

त्या रात्री मला माझी आजी आठवली. आजी जन्मभर खणाची चोळी घालत असे. तिच्या चोळीला आकडा नव्हता की अक्षर नव्हते. होती ती फक्त पुढे, स्तनांच्या खाली मारलेली एक गाठ. उपासाच्या दिवसांत ती गाठ आवळायची, बाळंतपणात सैलावायची. रोज सकाळी आजी आपले माप आपल्याच हाताने घेत होती म्हणा ना! आणि आधार कुठून? तर खालून, त्या गाठीपासून. त्या व्यायामोपचारवालीने मला जे शास्त्र सांगितले, ते आजीच्या बोटांना ठाऊक होते. आम्ही गाठ सोडली, हूक घेतला, आणि माप मात्र दुकानदाराच्या स्वाधीन केले.

हे हूकवाले वस्त्र तरी फार जुने कुठे आहे? मेरी फेल्प्स जेकब नावाच्या अमेरिकन तरुणीने आपल्या नृत्याच्या पोशाखाखाली टोचणाऱ्या कॉर्सेटला कंटाळून दोन हातरुमाल आणि रिबिनी जोडून एक आटोपशीर वस्त्र बनवले, आणि १९१४ च्या नोव्हेंबरात तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे ते तिने वॉर्नर ब्रदर्स या कॉर्सेटच्या कंपनीला पंधराशे डॉलरांत विकले. वाट्यांना ए, बी, सी, डी ही अक्षरे लागली ती त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १९३० नंतरच्या दशकात. अर्थात कल्पना तिच्याही आधीची. ऑस्ट्रियातील लेंगबर्ग किल्ल्यात २००८ साली पंधराव्या शतकातली कापडे सापडली, त्यांत वाट्या शिवलेली तागाची अंतर्वस्त्रेही होती. बाईला आधार हवा, ही गरज जुनीच आहे. तिच्याविषयी बोलायचे नाही, हा आपला हट्टही जुनाच.

आणि या हट्टाची किंमत नुसत्या दुखऱ्या खांद्याएवढी नसते.

माझ्या वर्गात तालुक्याच्या गावाहून येणारी एक मुलगी होती. शाळेत असताना आठशे मीटर धावण्यात जिल्ह्यापर्यंत गेलेली. कॉलेजात आल्यावर तिने मैदान सोडले. घरच्यांना वाटले अभ्यास वाढला, क्रीडाशिक्षकांना वाटले आळस. एकदा निबंधाची वही द्यायला ती घरी आली, आणि माझ्या खांद्याचे निमित्त काढून मीच माझी कर्मकथा तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, धावताना फार दुखतं. दोन दोन घालून पाहिल्या, वरून ओढणी घट्ट बांधली. मग श्वासच पुरत नाही."

एवढेच! ज्या कारणासाठी ती मुलगी मैदान सोडून गेली, ते दोनशे-तीनशे मीटरांवरच्या दुकानात सुटण्यासारखे होते, आणि ते तिला आईलाही सांगता आले नव्हते. धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, ते आजूबाजूला आणि पुढेमागेही हलतात. म्हणून खेळासाठी वेगळी, घट्ट पट्ट्याची आणि रुंद खांद्यांची ब्रा मिळते. आम्ही दोघी पुण्याला गेलो. एका दुकानात बाई विक्रेती होती, आडोशाची खोली होती. मुलगी आत गेली आणि पाच मिनिटांनी बाहेर न येता आतून ओरडली, "मॅडम, मी इथं उड्या मारतेय!" दुकानातल्या तिघी-चौघी वळून हसल्या. मला मात्र डोळे पुसण्यासाठी चष्मा काढावा लागला. पुढच्या हंगामात ती धावली. नंबर आला नाही. पण धावली.

आता थोडे व्यवहाराचे. टेप घ्या, श्वास सोडा आणि स्तनांच्या खालचा घेर नीट सपाट, किंचित घट्ट मोजा. मग सर्वांत भरलेल्या जागी टेप न आवळता दुसरा घेर मोजा. ही झाली सुरुवात. कंपनीकंपनीत फरक असतो, तेव्हा घालून पाहण्याला पर्याय नाही. नवी ब्रा सर्वांत सैल हुकावर नीट बसली पाहिजे, कारण इलॅस्टिक पुढे सैलावते, आणि आतले हूक त्या दिवसांसाठीच असतात. पाठीवरचा पट्टा पुढच्याच पातळीत राहावा, त्याखाली दोन बोटे जावीत, मूठ नव्हे. वाटीतून मांस बाहेर येऊ नये, वाटीला चुणीही पडू नये. तार असेल तर ती स्तनाच्या मुळाशी बसावी, स्तनावर टोचू नये. दोन्ही हात वर करा. सगळे जागच्या जागी राहिले, तर ते तुमचे. आणि बाळंतपण, वजनातला चढउतार, पाळी जाण्याचा काळ, या प्रत्येक वळणावर माप पुन्हा घ्या.

एक भीतीही काढून टाकते. ब्रा घातल्याने कर्करोग होतो, असे ऐकून कित्येक जणी धास्तावतात. अमेरिकेतील सिॲटल येथे पाळी गेलेल्या पंधराशेहून अधिक स्त्रियांची माहिती तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असा काहीही संबंध आढळला नाही. धोका आहे तो न बोलण्यात. भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनांचाच, आणि गाठ हाताला लागूनही संकोचापोटी महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका आपल्या ओळखीत असतात. जिला ब्राचे माप सांगता येत नाही, ती गाठ कशी सांगणार?

माझ्या आईचेच पाहा. स्तनांखाली तिला वर्षानुवर्षे खाज आणि चट्टे होते. "उन्हाळा आहे," म्हणून ती पावडर लावायची. कारण बाल्कनीत होते. आमच्याकडे ब्रा नेहमी टॉवेलाखाली वाळत असे. वरून टॉवेल, खाली ती, धड ऊन नाही की वारा नाही. दमट कपडा अंगावर चढायचा आणि बुरशीला घर मिळायचे. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिले आणि सांगितले, "आजी, कपडे उन्हात वाळवा." आई घरी येऊन म्हणाली, "चार माणसं बघतात!" मी म्हटले, "त्यांच्याही घरी असतात." त्यावर ती काही बोलली नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजातून लवकर घरी आले. बाल्कनीच्या दोरीवर टॉवेल एका टोकाला घडी घालून ठेवला होता. शेजारी आईच्या दोन पांढऱ्या ब्रा चिमट्यांनी ओळीने लावलेल्या, भर उन्हात, वाऱ्यावर हलत होत्या. मी पाहते आहे हे तिने पाहिले.

"आज ऊन चांगलं आहे," आई म्हणाली, आणि गहू निवडायला बसली.