उद्यानाचे फाटक कोणाच्या हाती?

उद्याने, पर्यटन आणि मैदानी करमणुकीचे व्यवस्थापन हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे म्हटले, की आपले लोक हसतात. सहली काढायला पदवी कशाला? आम्हाला हे हसणे परवडणारे नाही.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्याच्या क्लेमसन विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. याच विद्यापीठात हार्वे गँट हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६३ साली कोर्टाच्या हुकुमाने दाखल झाला. त्याच वर्षी फेडरल कोर्टाने राज्याची उद्याने कृष्णवर्णीयांना खुली करण्याचा आदेश दिला. राज्याने काय केले? सगळी उद्यानेच बंद केली! १९६४ साली ती उघडली, पण पोहण्याची सोय बंदच ठेवली. एका पाण्यात उतरणे सोसवत नव्हते. १९२७ च्या चवदार तळ्याच्या वारसांना यातले मर्म वेगळे सांगायला नको.

आपल्या संविधानाचे कलम १५(२) सरकारी पैशाने राखलेली तळी, घाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या वापरात जातिभेदाला मनाई करते. पण फाटकावर कलम उभे नसते, व्यवस्थापक असतो. तिकीट किती, कोणती सोय चालू, कोणती बंद, हे तोच ठरवतो. आमच्या मुलामुलींनी वकील, डॉक्टर व्हावेच. पण ही खुर्चीही मोकळी सोडू नये.