जनाबाईच्या गावातून एक शिफारस: ‘रीटा वेलिणकर’

आपल्या गंगाखेडची जनाबाई विठोबाशी भांडली, त्याला शिव्याही घातल्या आणि पुन्हा त्याच्याच संगतीने दळायला बसली. रुसवा आणि माया अशी एकत्र नांदणारी मैत्री दोन बायकांमध्ये वाचायची असेल, तर शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ (१९९०) घ्या. घराचा भार उचलणारी थोरली मुलगी रीटा, विवाहित साळवीवरचं तिचं प्रेम, आईवडिलांवरचा साचलेला राग, मग मनाने कोसळणं. या सगळ्यात मैत्रीण सरस्वती तिच्यासोबत असते. मला तर प्रेमकथेपेक्षा ही मैत्रीच वजनदार वाटते! लेखिकेच्या कन्या रेणुका शहाणे यांनी २००९ मध्ये या कादंबरीवर ‘रीटा’ चित्रपट केला. पण आधी पुस्तक वाचा, बरं का!