बोटातली प्रकाशवाट आणि संगणकाचे फासे

कोविडच्या साथीत पल्स ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. हा चिमटा बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो. ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. त्यावरून पडद्यावरचा आकडा निघतो.

पण बोट म्हणजे काच नव्हे. त्यात शिरलेला प्रकाशकण मिलिमीटरभर अंतरातही अनेकदा दिशा बदलतो. शिवाय त्वचेतले मेलॅनिन काही प्रकाश वाटेतच शोषून घेते. त्याचे परिणाम गंभीर असू शकतात. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळपास तिप्पट होते.

प्रकाशाची ही वेडीवाकडी वाट एखाद्या सोप्या सूत्रात बसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ ‘माँटे कार्लो’ पद्धत वापरतात. जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या ठिकाणाचेच हे नाव. संगणक एक प्रकाशकण सोडतो; तो किती अंतरावर धडकेल, कुठे वळेल, हे जणू फासे टाकून ठरवतो. असे कोट्यवधी कण सोडले, की ऊतीत प्रकाश कुठे किती पोहोचतो याचे चित्र तयार होते.

साध्या प्रोसेसरला यासाठी फार वेळ लागे. मात्र प्रत्येक कणाचा प्रवास स्वतंत्र असल्याने हजारो कणांचा हिशेब एकाच वेळी करता येतो. व्हिडिओ गेममुळे विकसित झालेले ग्राफिक्स कार्ड नेमके त्यात तरबेज. चियानचियान फांग आणि डेव्हिड बोआस यांनी २००९ मध्ये अशा कार्डावर सुमारे ३०० पट वेग मिळवून दाखवला. त्यांचे ‘एमसीएक्स’ हे सॉफ्टवेअर मोफत उपलब्ध आहे.

त्यामुळे यंत्र बनवण्याआधीच त्वचेचा वर्ण, बोटाची जाडी, रक्ताचे प्रमाण बदलून चूक कुठे होते ते तपासता येते. सावळ्या वर्णाच्या आपल्या समाजाला याचे मोल अधिक. अर्थात, संगणकाला दिलेली माहिती जितकी खरी, तितकेच उत्तर खरे; प्रत्यक्ष माणसांवरील चाचणीला पर्याय नाही.

तोवर आकड्यावर विसंबून राहू नये. धाप, गुंगी, छातीत दुखणे असेल तर आकडा चांगला असला तरी रुग्णालय गाठावे. सावळ्या त्वचेवर निळसरपणा चटकन दिसत नाही. तो जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला पाहावा.