घड्याळाचे पोटभाडेकरू

बरेच महिने झाकून ठेवलेला जुना डेस्कटॉप सुरू केला की कधी कधी विंडोजच्या आधीच काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात : ‘सीमॉस चेकसम एरर’, पुढे जायला एफ१ दाबा. एफ१ दाबल्यावर तारीख भलत्याच वर्षातली दिसते. हार्ड डिस्क सापडत नाही. किंवा सगळं सुरळीत चालू होतं, पण ब्राउझर बँकेचं संकेतस्थळ उघडायला साफ नकार देतो. घरात कुणीतरी ‘व्हायरस’ म्हणतं, दुकानात कुणीतरी ‘फॉरमॅट मारू या’ म्हणतं. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा मदरबोर्डवर बसवलेला, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो.

सेल संपला की बँक का बंद पडावी? सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. आपला संगणक २००९ सालात वावरत असेल, तर यंदा दिलेलं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून जन्मालाच आलेलं नसतं. तो ते नाकारतो, आणि त्याच्या बाजूने त्याचं बरोबरच असतं.

पण त्याआधीचा प्रश्न जास्त मजेचा आहे. हार्ड डिस्क वीज गेली तरी काही विसरत नाही. संगणकाला पहिलं पाऊल टाकायला शिकवणारा बायोस हा प्रोग्रामही चिपमध्ये पक्का कोरलेला असतो. मग डिस्क कुठली, आधी कुठून सुरू व्हायचं, असल्या मोलाच्या नोंदीच विसरभोळ्या जागी का ठेवल्या?

१९८१ सालच्या आयबीएम पीसीत त्या तशा नव्हत्याच. फ्लॉपी ड्राइव्ह किती, मेमरी किती, पडदा कुठला, हे मदरबोर्डवरचे चिमुकले स्विच वर-खाली करून सांगावं लागे. हे स्विच काहीच विसरत नसत. मात्र त्या पीसीत बंद असताना चालणारं घड्याळ नव्हतं. सुरू केला की तो तारीख आणि वेळ विचारायचा. १९८४ मध्ये पीसी एटी आला आणि त्यात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही घड्याळाची चिप बसली. तिच्यात ६४ बाइट मेमरी होती. तास, मिनिटं, तारीख, गजर आणि घड्याळाचा कारभार यांना १४ बाइट पुरत होते. उरले ५०. सेलवर जिवंत राहणारी आयती जागा रिकामी पडलीये म्हटल्यावर अभियंत्यांनी संगणकाच्या सेटिंग तिथेच ठेवल्या. त्या घड्याळाच्या पोटभाडेकरू झाल्या त्या अशा. म्हणून घड्याळ थांबलं की त्याही जातात, आणि नेमकी हीच जोडी आपल्याला निदान सांगते : तारीख आणि सेटिंग एकदमच हरवल्या असतील तर आधी सेल बघावा.

५० बाइट म्हणजे किती? आजच्या नेहमीच्या युनिकोड पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे जेमतेम सोळा चिन्हं. या लेखाचं शीर्षकसुद्धा तिथे मावणार नाही. तेवढ्या जागेत एका अख्ख्या यंत्राची ओळख राहायची.

शेजारच्या घड्याळाची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. त्यासाठी क्वार्ट्‌झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आकडा विचित्र वाटतो, पण त्याला निम्मा, परत निम्मा असं पंधरा वेळा करत गेलं की बरोबर एक उरतो. निम्मं करणं हे चिपला सगळ्यात सोपं काम, म्हणून हा आकडा निवडला. मनगटावरच्या क्वार्ट्‌झ घड्याळातही बहुधा हाच असतो.

हे सगळं एका चपट्या सेलवर वर्षानुवर्षं चालतं ते सीमॉस रचनेमुळे. ती १९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत फ्रँक वॉनलास यांनी मांडली. परस्परविरुद्ध प्रकारचे दोन ट्रान्झिस्टर असे जोडायचे की एक चालू असताना दुसरा बंदच असेल. मग स्थिती बदलते तेवढ्या क्षणापुरती वीज लागते, एरवी जवळजवळ नाहीच. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपियर-तास वीज असते. घड्याळ तीन मायक्रोअँपियर ओढतं असं धरलं, तर हिशेब ७३,००० तासांवर जातो. आठ वर्षं! प्रत्यक्षात कमी-जास्त होतं, पण मामला या पल्ल्यातला आहे.

त्यातही एक खोच आहे. संगणक ‘शट डाउन’ केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय पाच व्होल्टची एक बारीक धार मदरबोर्डला देत राहतो आणि सेलला सुट्टी मिळते. आपल्याकडे रात्री बटण बंद करायची सवय असते. चांगलीच आहे, पण त्या क्षणापासून सेल कामाला लागतो. उलट ऑफिसातल्या सदा चालू मशीनमधला सेल कधीचा मेलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच पाडला जातो, आणि सुट्टीनंतर ‘काल-परवापर्यंत छान चालत होता हो’ अशी तक्रार येते.

नोंदी बिघडल्याचं संगणकाला कळतं ते बेरजेमुळे. सेटिंगच्या ठराविक बाइटांची बेरीज तो शेजारीच लिहून ठेवतो आणि सुरू होताना पुन्हा करून पाहतो. जुळली नाही, तर आहे त्यावर विश्वास न ठेवता कारखान्यातल्या मूळ सेटिंग लावतो. घोटाळा इथेच होतो, कारण मूळ सेटिंग आपल्या असतीलच असं नाही. डिस्कशी बोलायची पद्धत ठरवणारा साटा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला की विंडोज निळा पडदा दाखवून बसते, डिस्क ठणठणीत असूनही. फॉरमॅट मारण्याआधी ही एक ओळ तपासलीच पाहिजे.

सेल बदलणं अगदी सोपं. सेटिंग अजून दिसत असतील तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वायर भिंतीतून काढा, केसच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, क्लिप हलकेच सरकवा, नवा सेल अधिक खूण वर ठेवून बसवा. २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. जुना सेल मात्र टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

३८६-४८६ प्रोसेसरच्या काळातल्या मशीनची गत वाईट. बऱ्याच बोर्डांवर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली असे. ती पाझरून तांब्याच्या रेषाच खाऊन टाकते. डॅलस कंपनीने डीएस१२८७ या चिपवर सेल आणि स्फटिक दोन्ही राळेत कायमचे गाडून टाकले होते. जुन्या संगणकांचे शौकीन आता ती राळ कानशीने घासून आतले टोक शोधतात आणि बाहेरून नवा सेल जोडतात. या चिकाटीला माझा सलाम.

हे विसरणं कधी कामीही येतं. चुकीच्या सेटिंगमुळे बोर्ड उठेनासा झाला, तर मुद्दाम स्मृती पुसायला बोर्डवर ‘क्लिअर सीमॉस’चा जंपर दिलेला असतो. तोच कुणी चुकून पुसण्याच्या जागी सोडला, तर नवा सेल घालूनही दुखणं तसंच. बायोसच्या जागी यूईएफआय असलेल्या नव्या मशीनमध्ये बऱ्याच सेटिंग फ्लॅश मेमरीत गेल्या आहेत. सेल मेला तरी बहुधा फक्त तारीख चुकते.

आणि घड्याळ बरोबर साडेपाच तासच चुकत असेल, सेटिंग जागच्या जागी असतील, तर सेलला हात लावू नका. त्या मशीनवर विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदत असणार. विंडोज त्या चिपमध्ये भारतीय वेळ लिहिते, आणि लिनक्स ती ग्रिनिचची समजून तिच्यात साडेपाच तास मिळवतं.