खुर्ची डुलते, स्नायू मात्र कामाचं ऐकतात

सकाळी उठल्या उठल्या उंची मोजा आणि रात्री झोपण्याआधी पुन्हा मोजा. दीड-दोन सेंटिमीटर कमी भराल! कुठे गेली ही उंची? मणक्यांमधल्या चकत्यांतून ती पाण्याच्या रूपाने पाझरून गेली. भार पडला की ओल्या स्पंजासारखं या चकत्यांतलं पाणी बाहेर येतं, भार हलका झाला की परत आत शिरतं. आणि त्यांच्या गाभ्यात रक्तवाहिनी एकही नाही. अन्नसुद्धा शेजारच्या हाडातून झिरपत येतं.

आता खुर्चीत पोक काढून बसा. पाठीचे स्नायू किती राबत असतील, नाही? १९५५ साली फ्लॉइड आणि सिल्व्हर या ब्रिटिश संशोधकांनी लोकांच्या पाठीवर इलेक्ट्रोड लावून त्यांना कमरेत वाकायला लावलं. वाकताना स्नायूंचे विद्युतसंकेत वाढत गेले आणि पुरतं वाकल्यावर चक्क थांबले! धड तोलून धरलं होतं ते अस्थिबंधांनी. पोक काढून बसल्यावरही हे स्नायू असेच गप्प होऊ शकतात.

ताठ काटकोनात बसलं म्हणजे झालं, असंही नाही. मांडी ९० अंशात येते खरी, पण हा सगळा कोन खुब्यात होत नाही. उरलेल्या अंशांसाठी कंबरेचं हाड मागे कलतं आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो.

म्हणून चांगल्या ऑफिस-खुर्चीच्या बैठकीखाली एक विलक्षण यंत्रणा दडलेली असते. तुम्ही मागे रेललात की खुर्चीची पाठ जास्त कलते आणि बैठक कमी, बऱ्याच खुर्च्यांत साधारण दोनास एक या प्रमाणात. त्यामुळे मांडी आणि धड यांच्यातला कोन उघडतो, तरी पाय जमिनीवरून उचलले जात नाहीत. किती सुंदर हिशेब!

पण अशा खुर्चीने स्नायू जागे होतात का? २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दहा जणांना तीन प्रकारच्या खुर्च्यांवर तीन-तीन तास टायपिंग, संगणकावर आरेखन आणि वाचन करायला बसवलं. हलत्या खुर्च्यांवर बसलेल्यांची उंची, स्थिर खुर्चीच्या तुलनेत, अधिक भरून आली. बसल्या बसल्या! पाठीच्या स्नायूंची हालचाल मात्र खुर्चीप्रमाणे बदललीच नाही. ती बदलली कामाप्रमाणे: टायपिंगला वेगळी, वाचनाला वेगळी. मला तरी या प्रयोगातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कितीही महाग खुर्ची घ्या, ती मणक्याला विसावा देईल, पण स्नायूंना हुकूम सोडतं ते तुमच्या हातातलं काम.

तेव्हा आधी बैठकीखालचा, खुर्चीचं रेलणं अडवणारा खटका शोधा. अनेक खुर्च्यांत तो कायमचा लॉक करून ठेवलेला असतो. तो मोकळा करा, स्प्रिंगचा ताण आपल्या वजनाप्रमाणे जुळवा. आणि कामं आलटून पालटून करा: लिहून झालं की रेलून वाचा, फोन आला की उभं राहून बोला.