कॉलेज म्हणते अन्याय, आयोग म्हणतो देखावा. पैसा मात्र पालकाचा

वजनमापेवाले साहेब दुकानात शिरले की काटा चोख असणाऱ्याच्याही छातीत धडधड होते, हे पेण-रोह्याच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. धाटावच्या वसाहतीत छोटे वर्कशॉप चालविणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनाही इन्स्पेक्टर म्हणजे काय चीज आहे ते ठाऊक आहे. त्यामुळे एखादे खासगी कॉलेज "तपासणीवाल्यांनी आमच्यावर अन्याय केला" असे म्हणू लागले की आपली सहानुभूती आधी कॉलेजकडे जाते. पण ज्याचा मुलगा किंवा मुलगी त्या कॉलेजात जाणार आहे, त्याने थोडे थांबून विचार करावा.

धुळ्याच्या अण्णासाहेब चुडामण पाटील स्मारक वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रकरण घ्या. तेथील एमबीबीएसच्या जागा 100 वरून 150 करण्याची परवानगी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने दिली होती. जानेवारी 2022 मध्ये आयोगाची माणसे अचानक रुग्णालयात गेली. लहान मुलांच्या वॉर्डात खाटा भरलेल्या होत्या, पण खाटांवरची मुले ठणठणीत होती, असा अहवाल त्यांनी दिला आणि वाढीव जागांची परवानगी मागे घेण्यात आली. महाविद्यालयाने आरोप साफ नाकारले. मुंबई उच्च न्यायालयात त्यांना दिलासा मिळाला, तेव्हा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. तपासणी मकरसंक्रांतीच्या सुटीच्या दिवशी केली, असा युक्तिवाद तेथे महाविद्यालयाच्या वकिलांनी केला. त्यावर, आजार काही संक्रांतीची सुटी घेत नाही, अशा अर्थाचे बोल न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी सुनावले आणि मुन्नाभाईच्या सिनेमाची आठवण काढली. पुढचे आदेश हा वकील मंडळींचा विषय. वाढीव पन्नास जागांसाठी ज्या घरांनी पैशाची जुळवाजुळव केली असेल, त्यांचा विचार आपण करायचा आहे.

सणासुदीला दवाखान्यात गर्दी कमी असते, हे काही खोटे नाही. ईदच्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे तरी कोण असते? पण गर्दी कमी असणे निराळे आणि धडधाकट मूल खाटेवर असणे निराळे.

आता दुसरी बाजू. तपासणारे तरी सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत काय? जुन्या भारतीय वैद्यक परिषदेचे अध्यक्ष केतन देसाई यांना एप्रिल 2010 मध्ये सीबीआयने अटक केली. पंजाबच्या एका कॉलेजच्या मान्यतेसाठी लाच घेतल्याचा आरोप होता. पुढच्याच महिन्यात केंद्राने परिषद बरखास्त करून कारभार दुसऱ्यांच्या हाती दिला. 2020 साली परिषद जाऊन आयोग आला, तरी 2025 मध्ये रायपूरच्या एका संस्थेच्या तपासणीस गेलेले डॉक्टर लाचेच्या प्रकरणात पकडले गेलेच. तेव्हा कॉलेजची तक्रार ऐकूनच घ्यायची नाही, असेही म्हणता येत नाही. सरकारी शिक्का म्हणजे खात्री नव्हे, हे तर पेणकरांना कोणी शिकवायला नको. 2010 साली पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले, त्याआधी बँकेच्या दारावरची पाटी किती भरवशाची वाटत होती!

रोह्याशी नाते असलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व बँकेचे गव्हर्नर होते, तसे नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही होते. त्या काळी आयोगाचे मुख्य काम अनुदान देणे आणि दर्जा राखणे. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली आणि महाराष्ट्रात शिक्षणाचा बाजार मांडला गेला. देणग्यांची बोंब इतकी झाली की 1987 साली कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला.

आपल्या समाजात एक गैरसमज आहे की संस्था अल्पसंख्याकांची असली की तिला कोणी विचारू शकत नाही. पुण्याच्या आझम कॅम्पसचे पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2005 मध्ये सांगितले, की विनाअनुदान संस्थांवर सरकार आपला कोटा व आरक्षण लादू शकत नाही. हा मोठाच विजय होता. पण त्याच निकालात कॅपिटेशन फी आणि नफेखोरीला मनाई आहे, आणि प्रवेश व फीवर देखरेख ठेवणाऱ्या समित्याही कायम राहिल्या. म्हणजे दर्जाची तपासणी अल्पसंख्याक संस्थेलाही चुकलेली नाही, आणि चुकू नये.

या भांडणात कॉलेजकडे वकील असतात आणि आयोगाकडेही असतात. तालुक्याच्या गावी दुकान चालवून, बायकोचे दागिने गहाण ठेवून फी भरणाऱ्या बापाकडे फक्त पावती असते, आणि कधी कधी तीही नसते. म्हणून ॲडमिशनच्या आधी परवानगीचे पत्र मागून पाहावे. पत्र कोणत्या वर्षाचे आहे, किती जागांचे आहे आणि आपला मुलगा त्या जागांत बसतो की वाढीव जागांत, हे वाचावे. "कोर्टात केस चालू आहे, निकाल आपल्याच बाजूने लागणार" असे ऑफिसातला माणूस म्हणाला, तर शेवटचा अंतरिम आदेश दाखवा म्हणावे. 2015 च्या कायद्याने नेमलेले शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजची फी ठरवते. त्या आकड्यापेक्षा एक रुपया जरी जास्त मागितला, तर तो कशापोटी हे लिहून मागावे. बहुतेक वेळा लिहून देत नाहीत.